ईको व्हॅनचा साधा कॅम्पर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्पर म्हणजे आत झोपून मुक्काम करता येईल अशी गाडी. हे पान पाच आसनी, पेट्रोलवर चालणाऱ्या मारुती ईकोसाठी लिहिलं आहे. महाराष्ट्रात सहज मिळणारी, गावोगावच्या मेकॅनिकला ठाऊक असलेली आणि दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे असलेली ही गाडी दोन माणसांच्या मुक्कामासाठी पुरते. जुन्या ओम्नीलाही यातलं बरंचसं लागू पडतं, फक्त मापं बदलतील. सगळ्या उत्तरांमागे एकच नियम आहे: जे साध्या पान्ह्यांनी अर्ध्या तासात काढता येतं तेच गाडीत बसवायचं. पत्रा कापायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, मूळ वायरिंगला हात लावायचा नाही.

असा बदल कायद्यात बसतो का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये याच बाजूने निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. छताला भोक पाडून पंखा बसवणं, टप उंचावणं, आसनं कायमची काढून टाकणं, नव्या खिडक्या कापणं हे सगळं त्यात येतं.

गाडीत ठेवलेली आणि पट्ट्यांनी बांधलेली लाकडी खाट म्हणजे सामान. एवढ्यावर थांबलात तर गाडी आरसीवर जशी आहे तशीच राहते. मागचं आसन बोल्ट काढून प्रवासापुरतं घरी ठेवण्याची पद्धत बरीच चालते, पण आरसीवर पाच आसनं नोंदलेली असताना गाडीत दोनच दिसली तर तपासणीत प्रश्न निघू शकतो. म्हणून आसनाची पाठ दुमडून वर फळ्या टाकता येतात का, ते आधी बघा. विमा कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर जपून ठेवा. दावा करायची वेळ आली तर तोंडी आश्वासनाला किंमत नसते.

मग रस्त्यावर दिसणाऱ्या कॅराव्हॅन कशा चालतात?

त्या एआयएस-१२४ या मानकानुसार मंजूर होऊन वेगळ्या वर्गात नोंदलेल्या असतात. महाराष्ट्राचं २०२१चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आहे ते अशा नोंदणीकृत गाड्यांसाठी आणि त्यांच्या तळांसाठी. घरची ईको त्यात येत नाही. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी कॅम्पर म्हणून भाड्याने देऊही नका. ते परवान्याच्या आणि विम्याच्या, दोन्ही अटींविरुद्ध आहे.

सुरुवात कुठून करायची?

मोजमापापासून. प्लाय आणण्याआधी आठवडाभर मोजमाप चाललं तरी चालेल. चार आकडे लागतात: पुढचं आसन चालवायच्या जागी असताना त्याच्या पाठीपासून डिकीच्या दरवाजापर्यंतची लांबी (डिकी बंद करून, आत बसून मोजा), मागच्या चाकांवरच्या उंचवट्यांमधली रुंदी, खिडकीच्या पातळीवरची रुंदी आणि जमिनीपासून छतापर्यंतची उंची. मग पुठ्ठ्याचा खाटेच्या आकाराचा तुकडा कापून गाडीत ठेवा आणि त्यावर खरंच झोपून बघा.

उंच माणसाला लांबी कमी पडते, तेव्हा तिरकं झोपणं हा सोपा उपाय. समजा १७० सेंमी लांब आणि १२० सेंमी रुंद जागा मिळाली, तर तिचा कर्ण २०८ सेंमी होतो. कोपऱ्यात डोकं आणि पाय पूर्ण जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात १९० सेंमीच्या आसपास धरा. मात्र तिरकं एकच माणूस झोपू शकतो. दोघं उंच असाल तर पुढचं आसन रात्री पुढे ढकलून, मधल्या फटीवर टाकायची वेगळी फळी करावी लागते.

खाट किती उंच ठेवावी?

खाटेवर ताठ बसता आलं पाहिजे. पावसात चार तास आत काढावे लागले की याचं महत्त्व कळतं. बसलेल्या माणसाला साधारण ९० सेंमी लागतात. आतली उंची १२५ सेंमी आली, तर त्यातून ९० आणि गादीचे साडेसात वजा करा. उरले साडेसत्तावीस, म्हणजे फळीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण २७ सेंमीवर. खाली सामानाचे चपटे क्रेट मावतात. बरेच जण सामानाच्या लोभाने खाट ४० सेंमीवर नेतात आणि मग आत फक्त रांगता येतं.

आसन न काढता वर फळ्या टाकल्या तर उंची आपोआप वाढते आणि बसणं जातं. कायद्याच्या दृष्टीने तोच सुरक्षित मार्ग आहे. सोयीचा तोटा किती, ते पुठ्ठ्यावर झोपून ठरवा.

खाटेला कोणतं साहित्य, किती?

फळीसाठी १२ मिमीचा बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१० चिन्हाचा मरीन प्लाय. ८ बाय ४ फुटांची एक शीट पुरते, तिचं वजन २५ किलोच्या आसपास. सुतार सवयीने १९ मिमी सुचवेल, पण ती शीट ४० किलोच्या घरात जाते आणि खालचा सांगाडा नीट असेल तर तिची गरज नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नकोच, कोकणातल्या एका पावसाळ्यात ते फुगतात.

सांगाड्याला २५ बाय २५ मिमी, १.६ मिमी जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप, सुमारे १२ मीटर. त्याचं वजन १४ किलो भरतं. फॅब्रिकेटरकडून सांगाडा गाडीबाहेर वेल्ड करून घ्या. गाडीत किंवा गाडीजवळ वेल्डिंग नको: ठिणग्यांनी काच आणि रबर जळतं, खाली पेट्रोलची टाकी असते. वेल्ड झाल्यावर रेड ऑक्साइडचा हात आणि वर दोन हात रंग. आडवे पाइप दर ४५ सेंमीवर घ्या. ६० सेंमी अंतर ठेवलं तर १२ मिमीचा प्लाय गुडघ्याखाली लचकतो.

बाकी यादी:
- एम ६ चे काउंटरसंक बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट. प्लायला लाकडी स्क्रू लावले तर घाटरस्त्याच्या धक्क्यांनी ते सैल होतात.
- सांगाडा आणि प्लायमध्ये ३ मिमीची रबर पट्टी. ती विसरलात तर गाडी सतत करकरते.
- सांगाड्याच्या पायांखाली १५ सेंमी चौरस रबरी तुकडे, म्हणजे भार पत्र्यावर पसरतो.
- रॅचेट पट्टे (खटक्याने आवळता येणारे), चार.

फळी तीन तुकड्यांत करा. मधला तुकडा पियानो बिजागरीने मागच्या तुकड्यावर दुमडला की दिवसा पुढे पाय सोडून बसायला जागा होते.

सांगाडा जमिनीला बोल्टने घट्ट करावा का?

नवीन भोक पाडू नका. पत्र्याखालून ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या जातात आणि पेट्रोलची टाकीही तिथेच आहे. ड्रिल दोन सेंटिमीटर जास्त खाली गेलं की संपलं. शिवाय प्रत्येक नव्या भोकापाशी गंज सुरू होतो. आसनाचे मूळ बोल्ट जिथे बसतात तिथेच पट्टी अडकवा, मूळ बोल्ट वापरून. उरलेलं रॅचेट पट्ट्यांनी आवळा. जोरात ब्रेक दाबल्यावर ४० किलोची खाट सुटून पुढच्या आसनावर आदळता कामा नये, हीच इथली खरी कसोटी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पट्टे पुन्हा आवळा, ते हमखास सैल पडलेले असतात.

आणखी एक: गाडी चालू असताना खाटेवर कुणी बसायचं किंवा झोपायचं नाही, लहान मूल तर अजिबात नाही. तिथे सीटबेल्ट नाही.

गादी कुठली?

७५ मिमी जाडीचा, ४० डेन्सिटीचा पीयू फोम, फळ्यांच्याच मापाच्या तीन तुकड्यांत. ३२ डेन्सिटीचा स्वस्त पडतो, पण वर्षभरात कंबरेखाली दबतो. खोळ धुता येईल अशी, चेन लावलेली शिवून घ्या.

गादीखाली हवा खेळली नाही तर बुरशी येते. दोन माणसं एका रात्रीत श्वास आणि घामावाटे अर्ध्या लिटरहून जास्त पाणी बाहेर टाकतात आणि ते थंड प्लायवर गादीच्या खालच्या बाजूने साचतं. प्लायला दर १५ सेंमीवर २५ मिमीची भोकं पाडा आणि सकाळी गादी उभी करून अर्धा तास ठेवा. भोकांच्या कडांना आणि प्लायच्या चारही कडांना वॉर्निश लावलंच पाहिजे, पाणी तिथूनच आत शिरतं.

उकाड्याचं काय करावं?

महाराष्ट्रात कॅम्परचा खरा प्रश्न थंडीचा नाही, उकाड्याचा आहे. त्यात ईकोचं इंजिन पुढच्या आसनांखाली असतं, त्यामुळे लांब पल्ला मारून थांबल्यावर तास-दीड तास आत ऊब येत राहते. मुक्कामाच्या जागी पोहोचलात की आधी दरवाजे आणि डिकी उघडा, स्वयंपाक-जेवण बाहेर आटोपा, मग अंथरूण घाला. डोकं डिकीकडे ठेवून झोपा.

काचांसाठी बबल-फॉइलची आवरणं करा. प्रत्येक काचेवर वर्तमानपत्र धरून आकार काढा आणि कापताना सगळीकडून १ सेंमी जास्त ठेवा, म्हणजे आवरण रबरात अडकून बसतं, वेल्क्रो लागत नाही. पुढच्या मोठ्या काचेला मात्र बाहेरून आवरण घाला. ऊन काच ओलांडण्याआधीच अडलं, तर आत ताप कमी पोहोचतो.

हवा आत यायला एक आणि बाहेर जायला दुसरी, अशी दोन तोंडं हवीत. एकाच खिडकीत पंखा लावून उपयोग होत नाही. एका बाजूची सरकती काच उघडून जाळी लावा, समोरच्या बाजूला जाळीसकट १२ व्होल्टचे दोन १२० मिमी पंखे बाहेर हवा फेकतील असे पुठ्ठ्याच्या किंवा ॲक्रिलिकच्या पट्टीत बसवा. सरकत्या दरवाजाला बाहेरून लोहचुंबकाने चिकटणारी मच्छरदाणी शिवून घेता येते, टेलर अर्ध्या दिवसात करून देतो. बारीक जाळीतून हवा बरीच कमी येते, म्हणून जाळीचं क्षेत्र जमेल तेवढं मोठं ठेवा.

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे यातलं काहीही पुरत नाही. त्या दिवसांत उंचावर जा किंवा खोली घ्या.

इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपलं तर?

कधीही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. उभ्या गाडीचा धूर खालून, डिकीच्या फटीतून आत येतो, भिंतीजवळ किंवा गवतात उभी असेल तर आणखी जास्त. शेजारी इंजिन चालू ठेवून उभा असलेला ट्रकही तेवढाच धोकादायक. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म डोक्याजवळ लावा. पूर्ण गाडीत हीच एक वस्तू अशी आहे जिच्यावर पैसे वाचवू नयेत.

भिंतींत आणि छतात इन्सुलेशन भरावं का?

थोडंसं. बंद पेशींचा ५ मिमी एक्सएलपीई फोम छताच्या मोकळ्या भागाला चिकटवला तरी तापमानात आणि पावसाच्या आवाजात फरक पडतो. ग्लासवूल नको, ते ओल धरून ठेवतं. स्प्रे-फोम तर दरवाजाच्या पोकळीत मारूच नका: तो फुगताना पातळ पत्र्याला बाक आणतो आणि खालची पाणी निघायची भोकं बुजवतो. मग दरवाजा आतून कुजतो आणि रंगाला फोड येईपर्यंत कळतही नाही.

पडदे आणि काळी फिल्म?

पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये बंदी घातली. थांबल्यावर आवरणं लावा, निघताना काढा. ज्या गाडीत छताच्या कडेला पडदा-एअरबॅग आहेत, तिथे पडद्याचा दांडा किंवा हूक लावू नका, एअरबॅग उघडताना ते गोळीसारखे सुटतात.

वीज किती लागते?

आधी बेरीज करा. पंखे १० वॅट × ८ तास = ८० वॅट-तास. दिवे ५ वॅट × ४ तास = २०. दोन फोन मिळून ३०. लॅपटॉप एकदा ६०. एकूण १९०. १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६४० वॅट-तास देते, म्हणजे तीन रात्री निघतात. तेवढ्याच आकड्याची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरता येते, आणि वजन दुप्पटीहून जास्त.

हा हिशेब जमत नसेल, तर ५०० वॅट-तासाचं तयार पॉवर स्टेशन घ्या आणि प्रवासात सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चार्ज करा. वायरिंगचा प्रश्नच मिटतो. नवख्या माणसाने हेच करावं असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या सॉकेटचा फ्यूज १० ते १५ अँपिअरचा असतो, त्यामुळे १२० वॅटच्या वर ओढू नका. गाडीच्या मूळ बॅटरीवर मात्र रात्रभर काही चालवू नका. ती इंजिन सुरू करण्यासाठी आहे, आणि जुनी असेल तर एका पंख्यानेही सकाळी धक्का मारायची पाळी येते.

स्वतंत्र बॅटरी बसवायची असेल तर वायर कोणती?

२० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या बॅटरीवरून दुसरी बॅटरी चार्ज करणारा) घेतला आणि गाडीच्या बॅटरीपासून अंतर ४ मीटर असलं, तर जाऊन-येऊन ८ मीटर वायर होते. २.५ चौरस मिमीच्या वायरमध्ये सुमारे १.२ व्होल्ट वाटेतच जातात आणि वायर तापते. ६ चौरस मिमीला अर्धा व्होल्ट, १० चौरस मिमीला ०.३ व्होल्ट. म्हणून १० घ्या, अनेक तारांची, लवचीक. घरातल्या फिटिंगची एकतारी वायर धक्क्यांनी आतून तुटते.

३० अँपिअरचा फ्यूज गाडीच्या बॅटरीच्या धन टोकापासून १५-२० सेंमीच्या आत. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो चार्जरच्या टोकाशी लावला, तर मधल्या सगळ्या वायरला संरक्षण उरत नाही. दुसऱ्या बॅटरीच्या टोकालाही तसाच एक हवा, कारण वीज तिकडूनही येऊ शकते. वायरच्या टोकाचे धातूचे लग ते दाबायच्या पकडीने दाबा, पक्कडीने चेपू नका. पत्र्यातल्या मूळ भोकातून वायर जाते तिथे प्रत्येक ठिकाणी रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं. आणि मूळ हार्नेसमधून, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्यातून, टॅपिंग करू नका, वॉरंटी जाते आणि पुढे दोष सापडत नाही.

उन्हात बंद गाडीत लिथियम बॅटरी तापते. ती खाटेखाली, सावलीत ठेवा. लडाख-स्पितीला जाणार असाल, तर शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही हे लक्षात ठेवा.

टपावर सोलर?

दुमडता येणारं १०० वॅटचं पॅनल जमिनीवर उन्हात ठेवा. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ३०० वॅट-तासांच्या आसपास मिळतात, पावसाळ्यात जेमतेम पाव. पक्कं पॅनल टपावर लावायचं तर गाडीही उन्हातच उभी करावी लागते, आणि मग आत झोपवत नाही.

स्वयंपाक आत करावा की बाहेर?

बाहेर, उघड्या डिकीखाली. २२०-२३० ग्रॅमच्या ब्युटेन डब्यावरची एक बर्नरची शेगडी पुरे. मोठ्या आचेवर डबा दीड तासाच्या आसपास चालतो, म्हणजे दोघांचे दोन दिवस चहा-खिचडी. डबा उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, आणि शेगडीवर पसरट तवा ठेवून डब्याच्या कप्प्यावर आच जाऊ देऊ नका. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होत नाही, म्हणून हिमालयात ती शेगडी रुसते.

घरगुती सिलिंडर गाडीत नको, पाच किलोचा छोटाही नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाटेखाली साचून राहतो. दरवाजाजवळ हात पोहोचेल अशा जागी एक किलोचं एबीसी अग्निशामक अडकवा.

गोव्यात समुद्रकिनाऱ्यासारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे. २०१९च्या दुरुस्तीत एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड ठेवला होता, पुढे तो वाढवला गेला.

सीएनजी ईको चालेल का?

चालेल, पण टाकी मागची जागा खाते आणि खाट तिच्यावरून न्यावी लागते. टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत हात गेला पाहिजे आणि तिच्याभोवती हवा खेळली पाहिजे, तिला पेटीत कोंडू नका. दर तीन वर्षांची हायड्रोटेस्ट, म्हणजे टाकीची दाब-चाचणी, चुकवू नका. नव्याने घेत असाल तर पेट्रोलच घ्या.

पाणी आणि शौचालय?

पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज ४ ते ५ लिटर. २० लिटरचा फूड-ग्रेड कॅन म्हणजे २० किलो. तो मागच्या चाकांच्या पुढे, जमिनीलगत बांधा. यूएसबीवर चार्ज होणारा बाटलीचा पंप वर बसवला की नळाचं काम होतं. सिंक आणि सांडपाण्याची टाकी हा नसता व्याप आहे, टब पुरतो. शौचासाठी दुमडता येणारं कमोड आणि पिशव्या अडचणीपुरत्या बाळगा, रोजचं गणित पेट्रोल पंप आणि ढाब्यांवर बसवा.

सगळं मिळून गाडीवर भार जास्त होत नाही?

खाट ४०, गादी ८, बॅटरी ७, पाणी २०, भांडीकुंडी १२, कपडे आणि बाकी ३०, दोन माणसं १४०. एकूण २५७ किलो. पाच माणसं बसली की ३४०च्या आसपास होतात, म्हणजे गाडी तिच्या क्षमतेच्या आतच आहे. जड वस्तू मागच्या ॲक्सलच्या मागे मात्र ठेवू नका. त्याने पुढचा भाग हलका होतो आणि ओल्या घाटात स्टिअरिंग सुटल्यासारखं वाटतं. हवेचा दाब चालकाच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर भारासाठी लिहिलेला तोच ठेवा.

रात्री गाडी कुठे लावावी?

एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) निवासस्थानं, कृषी पर्यटन केंद्रं, देवस्थानांचे वाहनतळ आणि रात्रभर चालू असणारे पेट्रोल पंप, प्रत्येक ठिकाणी विचारून. गावात थांबायचं तर सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटून सांगा. रात्री अकराला टॉर्च मारत येणाऱ्या माणसांशी बोलण्यापेक्षा संध्याकाळी सहाला स्वतः जाऊन बोलणं केव्हाही बरं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी ही अभयारण्यं आहेत, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही.

पावसाळ्यात माळशेज, ताम्हिणी, आंबोली या घाटांत कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी थांबू नका, दरड सांगून येत नाही. कोरड्या ओढ्याच्या पात्रातही नको. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालू नका. ओली वाळू घट्ट दिसते, भरती आली की चाकं रुततात. कोकणातून परतल्यावर त्याच दिवशी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा.

उतारावर डोकं वरच्या बाजूला येईल अशी गाडी लावा. दोन फळ्यांचे ४० मिमी जाड तुकडे चाकाखाली घालून ती सरळ करता येते. हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकाला दगड, तिन्ही हवेत. आणि तोंड रस्त्याकडे ठेवा, निघायची वेळ आली तर रिव्हर्स घ्यावा लागू नये.

काढलेलं आसन घरी कसं ठेवायचं?

त्याच्या पायांवर उभं, खाली पुठ्ठा, वर जुनी चादर. भिंतीला टेकवून आडवं ठेवलं तर फोम एका बाजूला बसतो. बोल्ट-वॉशर एका पिशवीत घालून पिशवी आसनालाच बांधा. परत बसवताना बोल्ट आधी हाताने पाच-सहा वेढे फिरवा आणि मगच पान्हा लावा. आडवा बसलेला बोल्ट जबरदस्तीने आवळला तर पत्र्यातला आटा जातो आणि ते आसन पुन्हा कधीच घट्ट बसत नाही.